बीपी मशीनवर ‘केपीए’ दिसत असेल तर: रक्तदाबाच्या एककांचे गणित

१२०/८० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण १२० काय, हे क्वचितच कोणी विचारते. ते पाऱ्याचे मिलिमीटर आहेत. हृदय आकुंचन पावताना रक्ताचा दाब पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकेल इतका असतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात ८०. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, म्हणून हातभर नळीत काम भागते; पाणी वापरले असते तर पाच फुटांहून उंच नळी लागली असती. पाऱ्याची यंत्रे मागे पडली तरी एकक तेच राहिले. मशीनवर ते ‘एमएमएचजी’ असे छापलेले असते.

मेट्रिक पद्धतीतले दाबाचे अधिकृत एकक मात्र पास्कल आहे. घरी वापरायची अनेक डिजिटल मशीन्स एमएमएचजी आणि किलोपास्कल, म्हणजे ‘केपीए’, अशा दोन्ही एककांत आकडे दाखवतात. एखादे बटण जास्त वेळ दाबले गेले किंवा काही मॉडेल्समध्ये बॅटरी बदलली, की एकक बदलते. घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी अडचण इथून सुरू होते. १२०/८० हा रक्तदाब किलोपास्कलमध्ये १६.०/१०.७ असा दिसतो. दशांश चिन्ह नीट दिसले तर “बीपी सोळा? इतका कमी?” म्हणून घरचे घाबरतात, मीठ-साखरेचे पाणी देतात, रोजची गोळी चुकवतात. चिन्ह पुसट असेल, चष्मा जवळ नसेल, तर तोच आकडा १६०/१०७ असा वाचला जातो. हा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण १६०/१०७ हा अगदी खरा वाटणारा, वाढलेल्या बीपीचा आकडा आहे. त्यावर कोणी स्वतःहून जास्तीची गोळी घेतली, तर मुळात नॉर्मल असलेला दाब खाली जाऊन चक्कर येऊ शकते, वयस्कर माणूस पडू शकतो.

रूपांतर सोपे आहे. किलोपास्कलच्या आकड्याला ७.५ ने गुणले की एमएमएचजी मिळते. तोंडी करायचे तर आठाने गुणा आणि मूळ आकड्याचे अर्धे वजा करा: १६ आठे १२८, त्यातून ८ गेले, १२०. नेहमी लागणारे आकडे असे:

९०/६० = १२.०/८.०
१२०/८० = १६.०/१०.७
१४०/९० = १८.७/१२.०
१६०/१०० = २१.३/१३.३
१८०/१२० = २४.०/१६.०

तरीही रोज गणित करत बसू नका. मशीनसोबतच्या माहितीपत्रकात एकक बदलण्याची पद्धत दिलेली असते. पुन्हा एमएमएचजीवर आणा. बीपीच्या वहीत अचानक वेगळाच आकडा आला, तर औषधाला हात लावण्याआधी स्क्रीनवरचे एकक पाहा, पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. नाडीच्या आकड्यावर याचा परिणाम होत नाही. ते मिनिटाचे ठोके असतात. छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही असेल, तर मशीन बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

इंग्लंडमधून आलेल्या रुग्णांच्या फाइलमध्ये रक्तातील ऑक्सिजनचा दाबही किलोपास्कलमध्ये असतो. तिथला १०.७ ते १३.३ म्हणजे आपल्याकडचा ८० ते १००. गणित तेच.

‘पीएसआय’ हे इंपीरियल एकक रक्तदाबासाठी वापरत नाहीत (१२० एमएमएचजी म्हणजे जेमतेम २.३ पीएसआय), पण घरी ऑक्सिजन सिलिंडर असेल तर ते ओळखता आलेच पाहिजे. काही गेजवर पीएसआय असते, काहींवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर, काहींवर दोन्ही. एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. १५० किलोपर्यंत भरलेल्या सिलिंडरचा काटा ५० किलोवर असेल, तर साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन शिल्लक आहे. काटा ५० पीएसआयवर असेल, तर सिलिंडर जवळपास संपला आहे. रात्री पुरवठादाराला फोन करताना आकड्यासोबत एककही सांगा.