तीन टोकांचा तारा आणि आपला टेम्पो

गणपतीची मूर्ती आणायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टेम्पो सांगितला का?" टेम्पो हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातील एका कारखान्याचा शिक्का होता, असे सांगितले तर ऐकणारा हसतो. विडाल आणि सन नावाची ती कंपनी तीनचाकी मालगाड्या बनवी आणि त्यांवर 'टेम्पो' असे लिही. ती कंपनी जर्मनीत केव्हाच संपली. नाव मात्र बुऱ्हाणपूरच्या मंडईत अजून रोज घेतले जाते.

या स्मरणिकेसाठी आम्ही विषय निवडला तो मर्सिडीज-बेंझ मोटारीच्या महाराष्ट्रातील कारखान्याचा आणि इंजिनाचा. वाचकांपैकी काही म्हणतील, आपल्या गावात मर्सिडीज आहेत तरी किती! पण ही गोष्ट टेम्पोला वगळून सांगताच येत नाही, आणि तिचा एक मोठा तुकडा आपल्याच मध्य प्रदेशात, पिथमपूरला घडलेला आहे. आम्ही डिप्लोमावाले, नोकरी राज्य शासनाची. तेव्हा थोडे यंत्राचे आणि थोडे सरकारी कागदाचे बोलणे होणार, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

मर्सिडीज भारतात १९९५ साली आली असे सर्रास लिहिले जाते. मोटारीपुरते ते खरे. पण तो तीन टोकांचा तारा त्याच्या चाळीस वर्षे आधीच आपल्या रस्त्यांवर धावत होता, आणि तो मालट्रकच्या तोंडावर. जमशेदपूरची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ साली रेल्वेची इंजिने आणि बॉयलर बनवण्यासाठी निघाली. १९५४ साली तिने डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक बाहेर काढला. केळी, कापूस आणि सुताची गासडी वाहणाऱ्या पिढीला मर्सिडीज हे नाव ट्रकमुळे ठाऊक झाले. करार १९६९ साली संपला, तारा उतरला आणि त्याच्या जागी टाटांचे 'टी' आले. जुने ड्रायव्हर पुढेही कितीतरी वर्षे ट्रकला मर्सिडीजच म्हणत.

करार संपला, पण टेल्कोने ट्रक बनवणे थांबवले नाही. पंधरा वर्षांत एकेक भाग इथेच घडवायला शिकलेली माणसे तयार झाली होती. यामागे ज्यांचे डोके होते ते सुमंत मूळगावकर (१९०६-१९८९). ते मुंबईत जन्मले, लंडनला अभियांत्रिकी शिकले आणि सिमेंटच्या धंद्यातून १९४९ साली टेल्कोत आले. 'सुमो' गाडीचे नाव त्यांच्याच नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडले आहे, जपानी पैलवानांवरून नव्हे. त्यांनी १९६६ साली पुण्याला पिंपरी-चिंचवडच्या माळावर नवा कारखाना मांडला आणि तिथे एक गोष्ट केली, जी आम्हाला आजच्या घाईच्या दिवसांत फार मोठी वाटते. तिथे आधी झाडे लावली, तळे केले, शिकाऊ मुलांची शाळा काढली, यंत्रे बनवणारी यंत्रे आणि साचे-हत्यारे बनवण्याचा विभाग उभा केला. पुण्यातून पहिली मालगाडी बाहेर पडली ती १९७७ साली, म्हणजे अकरा वर्षांनी! आजच्या एखाद्या योजनेत पहिली अकरा वर्षे 'प्रगती शून्य' असा रकाना भरावा लागला असता, तर फाईलचे काय झाले असते हे आम्ही सांगायला नको.

आता दुसरा धागा. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, नवलमल फिरोदिया हे स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. माणसाने माणसाला ओढू नये या विचाराने स्वातंत्र्यानंतर लगेच ऑटोरिक्षाची कल्पना उचलून धरणाऱ्यांत नवलमल होते. १९५८ साली त्यांनी बजाज मंडळींबरोबर बजाज टेम्पो ही कंपनी काढली. हॅम्बुर्गच्या त्या टेम्पोवाल्यांकडून 'हॅन्सिट' ही तीनचाकी आणली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, १९६४ पासून पुण्याजवळ आकुर्डीला. १९६९ साली मॅटाडोर आली, तेही नाव पुढे टेम्पोसारखेच सामान्यनाम झाले.

इकडे जर्मनीत टेम्पो हानोमागने घेतली आणि हानोमाग डेमलर-बेंझच्या पोटात गेली. त्यामुळे आकुर्डीच्या कंपनीतला जर्मन हिस्सा आपोआप मर्सिडीजवाल्यांच्या हाती आला. म्हणजे भाजीच्या टोपल्या वाहणाऱ्या तीनचाकीची सोयरीक बसल्या जागी मर्सिडीजशी जुळली!

या सोयरिकीतून जे आले ते या लेखाचे खरे नायक. नाव 'ओएम ६१६'. ओएम म्हणजे जर्मनमध्ये 'तेल-मोटर', आपल्याकडचे शेतकरी विहिरीवरच्या डिझेल पंपाला 'ऑइल इंजिन' म्हणतात, तोच अर्थ. मर्सिडीजने १९३६ सालीच '२६० डी' ही डिझेलवर चालणारी मोटार विकायला काढली होती. त्याच परंपरेत १९७३ साली '२४० डी' आली : चार सिलिंडर, २.४ लिटर, ताकद अवघी ६५ अश्वशक्ती. वेगाच्या नावाने आनंदच होता. पण टिकायला अशी की जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली, आणि २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. इंजिने मधूनमधून बदलली, दुरुस्त करून पुन्हा बसवली, हे खरे. पण बदलूनही तेच बसवत राहिला, यातच सर्व आले.

हे इंजिन ऐंशीच्या दशकात परवान्याखाली बजाज टेम्पोकडे आले. आमच्या मिस्त्रीमंडळींना त्याचे विशेष काय वाटत असे, ते थोडे सांगतो. एक, कॅमशाफ्ट वर, सिलिंडर हेडमध्ये, आणि ती फिरवायला टायमिंग चेन. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत कॅम खाली असे आणि लांब सळ्यांनी व्हॉल्व्ह उघडत. दोन, डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेट घेई. म्हणून आवाज मऊ, पण थंडीत सुरू करायला प्रत्येक सिलिंडरला हीटर लागे. पौष महिन्यात पहाटे चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबणारा ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या थांबण्याचे मूळ स्टुटगार्टला आहे.

आणि हे इंजिन बसले कशात? १९८७ च्या ट्रॅव्हलरमध्ये आणि १९८८ च्या ट्रॅक्समध्ये. ट्रॅव्हलरचे शरीरसुद्धा मर्सिडीजच्या १९७७ सालच्या एका व्हॅनवरून घेतलेले. ज्या इंजिनावर युरोपातला डॉक्टर किंवा वकील दवाखान्यात-कचेरीत जात असे, त्याच जातीच्या इंजिनावर खानदेश-निमाडात दहा जणांच्या ट्रॅक्समध्ये वीस जण, टपावर पोती आणि मागे लटकलेले दोघे असा प्रवास सुरू झाला. जर्मन अभियंत्यांनी एवढी कठोर चाचणी कधी घेतली नसावी.

हे ट्रॅव्हलर बनू लागले पिथमपूरला. धार जिल्ह्यातली, इंदूरपलीकडची ही औद्योगिक वसाहत ऐंशीच्या दशकात उभी राहिली आणि बजाज टेम्पोने तिथे कारखाना घातला. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर उभे राहा; लग्नाचे वऱ्हाड, शिर्डीची यात्रा, शाळेची मुले, रुग्णवाहिका, सगळे त्याच गाडीत. आमच्या डिप्लोमाच्या वर्गातले काही जण शिकाऊ म्हणून तिकडे गेले, तेव्हा घरच्यांनी नाके मुरडली होती : "टेम्पोच्या कारखान्यात?" पुढे काही जण चाकणला गेले आणि 'मर्सिडीजमध्ये आहे' असे सांगता येऊ लागले, तेव्हा त्याच घरांत पेढे वाटले गेले.

ती मर्सिडीज आता पाहू. १९९१ नंतर दारे उघडली. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी टेल्कोच्या भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५ साली टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारातून ई-क्लास बाहेर पडू लागली. चुकले ते एवढेच की जे मॉडेल इथे नवे म्हणून आणले, ते जर्मनीत त्याच वर्षी बदलले गेले. पैसेवाल्या गिऱ्हाईकाला हे कळायला किती वेळ लागतो! विक्री अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी झाली. पुढे टेल्कोने आपला हिस्सा काढून घेतला, नवी मॉडेले वेळेवर येऊ लागली, आणि २००९ साली चाकणला शंभर एकरांवर स्वतःचा कारखाना सुरू झाला. तोवर शेंद्र्याला ऑडी आणि चेन्नईला बीएमडब्ल्यू जोडल्या जाऊ लागल्या होत्या.

जोडल्या जाऊ लागल्या, हा शब्द आम्ही जाणून वापरतो. या मोटारींचे भाग पेट्यांतून येतात आणि इथे जोडले जातात. कारण सरळ आहे, सीमाशुल्क. तयार गाडीवर भरमसाट, सुट्या भागांवर कमी. मग प्रश्न असा की पेटीत आख्खे इंजिन तयार येत असेल, तर त्याला सुटे भाग म्हणायचे का? २०११-१२ च्या अर्थसंकल्पाने म्हटले, नाही म्हणायचे. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडलेला असेल तर १० टक्क्यांची सवलत गेली, दर पुढे ३० टक्के ठरला. कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्याला यात एक गंमत वाटते. एका व्याख्येतले चार शब्द बदलले आणि इंजिने जोडण्याचे काम देशात आणण्याची सर्वांना घाई झाली.

पण मर्सिडीजला शोधाशोध करावी लागली नाही. तिची इंजिने जोडून तपासण्याचे काम १९९७ पासूनच आकुर्डीला बजाज टेम्पो करत होती! २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, २०१६ साली याच कामासाठी चाकणला वेगळा कारखाना झाला. बीएमडब्ल्यूनेही २०१५ पासून चेन्नईत आपली इंजिने याच कंपनीकडून जोडून घेतली. एकमेकांचे कट्टर स्पर्धक, आणि दोघांची इंजिने एका टेम्पोवाल्याच्या हातून जातात. हे काम तिला मिळाले याचे कारण आमच्या मते एकच : तिने त्याआधी ओएम ६१६ मुळापासून घडवले होते. ब्लॉक ओतणे, क्रँक घासणे, मायक्रॉनमध्ये माप धरणे. ज्याला हे येते त्याच्या हाती महाग इंजिन द्यायला कोणी कचरत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. महागड्या इंजिनाचे जोडकाम हे फार स्वच्छ, फार शिस्तीचे काम आहे. प्रत्येक बोल्ट किती ताकदीने आवळला याची नोंद राहते. पण तिथल्या मुलाला पिस्टनचा आकार तसा का, हे कोणी विचारत नाही. तो निर्णय जर्मनीत झालेला असतो, त्यातली काही गणिते १९९६ पासून बंगळूरच्या त्यांच्या संशोधन केंद्रात होतात. टेम्पोच्या कारखान्यात मात्र 'का' विचारावेच लागे, कारण आपले डिझेल, आपली धूळ आणि आपले ओझे यांना धरून इंजिन बदलावे लागे. म्हणून आमचे मत असे की इंजिनाचा विकास आपल्याकडे जो काही झाला तो ट्रक-टेम्पोत झाला. आलिशान मोटारीने त्याचे फळ घेतले.

बाहेरची विद्या इथे मुरते कशी, हे बुऱ्हाणपूरकरांना समजावून सांगायला नको. १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात एका इराणी जाणकाराने सातपुड्याचे झिरपे हेरून कुंडी भंडारा बांधला. पद्धत इराणची, पण डोंगर, पाणी आणि खोदणारे हात इथले. चारशे वर्षांनी त्याला कोणी परदेशी म्हणत नाही.

फोर्सने मर्सिडीजचे पुढच्या पिढीचे कॉमन रेल इंजिन, ओएम ६११, हेही परवान्याने घेतले आणि २०११ साली 'फोर्स वन' ही मोठी गाडी काढली. गाडी चालली नाही. इंजिन मात्र वाया गेले नाही. मर्सिडीजच्याच इंजिनापासून निघालेले २.६ लिटरचे इंजिन आज ट्रॅव्हलरमध्ये आहे आणि २०२० च्या भारत स्टेज सहाच्या नियमांतून पार झाले आहे. टाटांनी तर २००८ साली जग्वार-लँड रोव्हरच विकत घेतली. तिच्या गाड्या २०११ पासून पुण्यात जोडल्या जातात, २०२४ पासून रेंज रोव्हरसुद्धा.

आता चाकणमधून २०२२ पासून 'ईक्यूएस' ही विजेवरची मर्सिडीज निघते. तिच्यात इंजिनच नाही. पंप-नोझलची दुकाने, रिंग-पिस्टनची कामे यांवर आपल्या गावात किती घरे चालतात ते आपण जाणतोच. ट्रक आणि ट्रॅव्हलर लगेच विजेवर जाणार नाहीत, त्यामुळे डिझेलच्या मिस्त्रीला अजून बरीच वर्षे काम आहे. पण आज सतरा-अठरा वर्षांचा जो मुलगा आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला नाव घालतो आहे, त्याने डिझेलबरोबर मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर शिकवणारी जागा पाहावी. आणि नोकरी घेताना दारावरचा तारा पाहण्याआधी आत काय करायला मिळणार ते विचारावे : नुसती जोडणी, की टेस्ट बेड, टूल रूम, ओतकाम? पगार पहिली दोन-तीन वर्षे थोडा कमी असला तरी चालेल. मंडळातल्या ज्या पालकांना याबद्दल बोलायचे असेल त्यांनी आरतीनंतर मांडवात भेटावे, दहाही दिवस आम्ही तिथेच आहोत.