मेंदूच्या स्कॅन फाइलींची सरासरी

मेंदूच्या एमआरआय तपासणीतून मिळालेल्या अनेक त्रिमितीय प्रतिमा एकमेकींशी जुळवून त्यांतून एकच सरासरी प्रतिमा काढण्याची संगणकीय रीत. हे काम बहुधा कमांड लाइनवरच्या छोट्या प्रोग्रामकडून करून घेतात. निकालाच्या फाइलीचे नाव आणि मूळ फाइलींची यादी एका ओळीत टाइप करून एंटर दाबले की काही क्षणांत उत्तर मिळते. माँट्रियलचा मिंकॲव्हरेज, ऑक्सफर्डच्या एफएसएल संचातला एफएसएलमॅथ्स, आफ्नी संचातला थ्रीडीमीन आणि अँट्स संचातला ॲव्हरेजइमेजेस हे यांतले परिचित प्रोग्राम.

रुग्णालयातून स्कॅन डायकॉम स्वरूपात मिळतो. संशोधक तो निफ्टी स्वरूपात बदलून घेतात. निफ्टी फाइलीत मेंदू लहान लहान घनांत, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक व्हॉक्सेलला एक आकडा असतो. प्रोग्राम सर्व फाइलींतल्या एकाच जागेवरचे आकडे बेरजेला घेतो आणि फाइलींच्या संख्येने भागतो. गणित शाळकरी आहे. खरा कस लागतो तो त्याआधी, फाइली एकमेकींशी जुळवताना. एका फाइलीत जिथे थॅलॅमस हा मेंदूचा आतला भाग आहे, तिथे दुसरीत कवटीचे हाड असेल तर उत्तर येते, पण त्याला अर्थ नसतो. व्हॉक्सेलच्या जाळीची लांबी-रुंदी जुळते का हे प्रोग्राम तपासू शकतो. आत मेंदू सरळ आहे की कललेला, हे त्याला कळत नाही. फाइलीतली दिशेची नोंद चुकून डावे-उजवे उलटले, तरीही तो तक्रार करत नाही. शिवाय सीटी स्कॅनच्या आकड्यांना असते तसे ठरलेले एकक एमआरआयच्या आकड्यांना नसते. दोन यंत्रांवर तोच मेंदू वेगळ्या आकड्यांत उतरतो, म्हणून आकडे आधी एका पट्टीवर आणावे लागतात. पाहणाऱ्याने प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घातल्याशिवाय ती कमांड चालवू नये.

सरासरीचे हेतू दोन. पहिला, एकाच माणसाच्या प्रतिमेतला गोंगाट घटवणे. माँट्रियलमध्ये एका व्यक्तीचे 27 स्कॅन जुळवून 1998 मध्ये ‘कॉलिन27’ ही प्रतिमा तयार झाली. गोंगाट स्कॅनच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे 27 स्कॅनमध्ये तो सुमारे पाचपट कमी होतो. दुसरा हेतू, अनेक माणसांतून सामाईक साचा घडवणे. 1988 चा तालेराख नकाशा एका साठ वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर बेतला होता. त्याची जागा घेणाऱ्या माँट्रियलच्या साच्यात 305 जण होते. त्यांत 239 पुरुष आणि 66 स्त्रिया, सरासरी वय 23.4 वर्षे. साच्यात कोण आहे, हे त्याच्या सुबकतेइतकेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातल्या नांदेडचे या विषयाशी प्रत्यक्ष नाते आहे. विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत संजय तळबर यांच्या मार्गदर्शनाखाली उज्ज्वल बैद यांनी ग्लायोमा या मेंदूच्या गाठींची सीमा एमआरआयवर आपोआप आखण्याचे संशोधन केले. त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉक्टर सहभागी होते. पुढे बैद ‘ब्रॅट्स 2021’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक झाले. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या संग्रहातला प्रत्येक स्कॅन ‘एसआरआय24’ या साच्यावर बसवलेला आहे आणि तो साचा म्हणजे 24 निरोगी व्यक्तींची सरासरी. म्हणून तिथल्या प्रत्येक फाइलीचे माप 240 गुणिले 240 गुणिले 155, म्हणजे सुमारे 89 लाख व्हॉक्सेल. गाठ असलेल्या रुग्णांची आपसांत सरासरी मात्र काढत नाहीत. प्रत्येकाची गाठ वेगळ्या जागी असते. बेरीज-भागाकारात ती फिकट होत नाहीशी होते, आणि डॉक्टरला हवी असते ती नेमकी तीच.

हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेत जयंती शिवस्वामी यांच्या गटाने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसोबत भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला; तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 21 ते 30 वयाचे 50 पुरुष आणि 50 स्त्रिया त्यात आहेत. पाश्चात्त्य आणि चिनी साच्यांच्या तुलनेत या सरासरी मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान कमी भरले. हा फरक साच्याच्या मापाचा आहे, बुद्धीचा नव्हे. पण परका साचा वापरला की आपल्याकडच्या निरोगी मेंदूलाही आक्रसलेला ठरवण्याचा धोका उरतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत ही चूक महाग पडते. बंगळुरूच्या निम्हान्समधून 2020 मध्ये 6 ते 60 वर्षांसाठी पाच वयोगटांचे वेगळे साचे आले.

स्मृतिभ्रंश प्रामुख्याने साठीनंतरचा आजार. नांदेड जिल्ह्यातल्या सत्तरीच्या शेतकऱ्याचा स्कॅन ताडून पाहायचा तर वरील दोन्ही भारतीय साचे वयाने कमी पडतात. त्यासाठी त्याच वयाच्या निरोगी माणसांचे स्कॅन संमतीने, शक्यतो एकाच यंत्रावर घ्यावे लागतील. फाइलींतून नाव काढून आणि चेहऱ्याचा भाग पुसूनच त्या पुढे पाठवाव्या लागतील, कारण एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. सरासरीचे प्रोग्राम संशोधनासाठी मोफत आहेत आणि साध्या संगणकावरही चालतात. सरासरीसोबत प्रमाण विचलनाची फाइलही काढून ठेवावी. मेंदूच्या बाहेरच्या वळ्यांत माणसामाणसांतला फरक सर्वांत जास्त असतो, आणि तिथे सरासरीवर कितपत विसंबावे हे त्या दुसऱ्या फाइलीवरूनच ठरते.