जायकवाडी : भरलेले हवे की रिकामे?

धरण पैठणला, मग नाव जायकवाडी का? जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले. गोदावरीवर तेथे धरण बांधावे ही कल्पना हैदराबाद संस्थानाच्या काळातली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे जागा बदलून नदीच्या वरच्या अंगाला पैठणला गेली. नाव जुनेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. लांबी सुमारे १० किलोमीटर, सांडव्याला २७ दरवाजे.

धरण झाले ते मुख्यतः सिंचनासाठी. डावा कालवा जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी तालुक्यांतून परभणीकडे जातो. पण धरण म्हटले की ते पूरही अडवणार, असे आपण सारेच गृहीत धरतो. पेच येथेच आहे. सिंचनासाठी जलाशय भरलेला हवा, पुरासाठी रिकामा! स्वित्झर्लंडच्या ब्रेगाल्या खोऱ्यातील ओर्देन धरण (१९७१) केवळ पुरासाठी बांधलेले आहे. एरवी त्यात पाणी साठवून ठेवत नाहीत. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढणाऱ्या मराठवाड्याला ही चैन कोठून परवडणार?

वर्गात एक गणित जरूर करून घ्यावे. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, म्हणजे ७६ अब्ज घनफूट. दोन लाख क्युसेकचा पूर दिवसाला १७.२८ टीएमसी पाणी आणतो. उपयुक्त साठा पूर्ण रिकामा असेल, तर असा पूर साडेचार दिवसांच्या आतच तो भरून टाकील. दशांश भाग रिकामा असेल तर जेमतेम साडेदहा तास मिळतात. ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरण भरत आले, तर अभियंत्याने पाणी सोडावे की राखावे? सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात हीच गावे जाब विचारणार. तारखेनुसार पातळी ठरवणारे वेळापत्रक असते. पाऊस ते वाचत नाही, एवढेच.

ऑगस्ट २००६ मध्ये हेच घडले. धरणातून दोन लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागला, पैठण शहरात पाणी शिरले. सांडव्यातून सुटलेले पाणी पुढे अंबड तालुक्यातील शहागडवरून जाते. ते असते मुख्यतः नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसाचे. त्यामुळे शहागडला डोक्यावर ऊन असतानाही नदी चढू शकते.