उतार धोक्याचा आहे

कुठल्याही घाटाच्या माथ्यावर, वरंध्याच्या म्हणा किंवा आंबोलीच्या, लाल काठाचा त्रिकोण उभा असतो. आत एक काळी मोटार नाक खाली करून उतरत असते. मोटारीचं चित्र आहे म्हणजे पाटी मोटारीसाठी, आणि मोटारीसाठी आहे म्हणजे मोटारीबरोबरच जन्मली, असं आपण धरून चालतो. चित्रावर जाऊ नये. ही पाटी मोटारीहून वडील आहे. तिला जन्म दिला इंग्लंडातल्या सायकलवाल्यांनी, १८८०च्या आगेमागे; आणि तेही कामधंद्याला जाणाऱ्या नव्हे, हौसेनं गावोगाव भटकणाऱ्या सायकलवाल्यांनी. हे कळल्यापासून मी या त्रिकोणाचा पिच्छा सोडलेला नाही.

रस्त्यावरच्या खुणांचा त्याआधीचा इतिहास चटकन आटोपतो. रोमनांनी मैलाचे दगड रोवले. इंग्लंडात अठराव्या शतकात कायद्यानं टोलच्या रस्त्यांवर ते सक्तीचे झाले. फाट्यावर बोट दाखवणारे खांब त्या कायद्याहून जुने. पण या सगळ्यांना दोनच गोष्टी ठाऊक: गाव कुठल्या दिशेला आणि किती लांब. पुढचा रस्ता कसा आहे, यावर ते चकार शब्द काढत नाहीत. काढण्याची गरजही नव्हती. टपालगाडी हाकणारा कोचमन तोच रस्ता वर्षानुवर्षं तुडवायचा. उतार बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याच्या पायाखालचाच असे. परका माणूस गाडीत मागे बसलेला असायचा, त्याच्या हाती लगाम नसायचा. एकटादुकटा घोडेस्वार परका असू शके, पण त्याचा घोडा उतार बघून आपणहून पाय आखडता घेई. परका आणि हाकणारा एकच, आणि वाहनाला स्वतःची अक्कल नाही, असा योग सायकलीनंच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जुळवून आणला. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे.

रेल्वे आली तशा टपालगाड्या बंद पडत गेल्या आणि मोठमोठे रस्ते ओस पडले. बाजारगावांतल्या सरायांचे प्रशस्त तबेले रिकामे झाले. त्या रस्त्यांवर पुन्हा परकी माणसं आणली ती सायकलीनं. ऑगस्ट १८७८मध्ये स्टॅन्ली कॉटरेल नावाच्या, एडिंबरात वैद्यक शिकणाऱ्या तरुणानं हॅरोगेटला बायसिकल टूरिंग क्लब काढला. १८८३मध्ये तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाला. या क्लबानं सरायांशी दर ठरवून घेतले, त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची बिडाची तबकडी ठोकली, आणि गावोगाव आपले ‘कॉन्सल’ नेमले. नाव वाणिज्यदूताचं, काम मात्र पाहुण्याला रस्ता आणि मुक्काम सांगायचं. सर्कशीतला उद्योग म्हणून हसण्यावारी नेलेल्या यंत्रासाठी हा एवढा थाट होता.

आता ते यंत्र जरा जवळून बघू. पुढचं चाक पन्नास इंचांच्या वर, मागचं इवलंसं, बसायची जागा पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर. साखळी नाही, फ्रीव्हील नाही. पेडल थेट चाकाच्या आसावर बसवलेलं, त्यामुळे चाक फिरलं की पेडल फिरणारच. उताराला लागलं की पेडल पायांपेक्षा वेगानं गरगरतात. मग स्वार दोन्ही पाय उचलून हँडलवरून पुढे टाकत, कारण आपटायचंच झालं तर निदान पायांवर आपटावं. ब्रेक म्हणजे लोखंडाचा एक चमचा, भरीव रबरी टायरवर दाबायचा. तोही पुढच्याच चाकाला. जोरात दाबला की मागचं चाक वर आणि स्वार डोक्यावरून पुढे.

आणि आता गाव. ऑक्सफर्डशरमधलं बर्फर्ड घ्या, लोकरीच्या व्यापारावर पोसलेलं. त्याची मुख्य पेठ टेकडीच्या माथ्यापासून सरळ खाली घसरत जाते. वाटेत खांबांवर उभी असलेली जुनी टोल्सी, म्हणजे बाजारकर गोळा करायची इमारत, आणि तळाला विंडरश नदीवरचा मध्ययुगीन पूल, एका वेळी एकच गाडी मावेल एवढा. ही रचना योगायोगाची नाही. नदी ओलांडायची सोय जिथे, तिथे बाजार भरला. म्हणून इंग्लंडातली कितीतरी बाजारगावं खोऱ्याच्या तळाशी आहेत. वरून येणारा रस्ता नेमका गर्दीत, वळणावर किंवा अरुंद पुलावर जाऊन संपतो. शिवाय दोन्हीकडे उंच कुंपणाच्या झाडोऱ्यामुळे पुढचं काही दिसत नाही. उतरायचं की नाही हे माथ्यावरच ठरवावं लागे. चार पावलं पुढे गेल्यावर ठरवायला काही उरत नसे.

म्हणून पाटी माथ्यावर आली. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब आणि शर्यतींचा कारभार बघणारी नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन, दोघांनीही आपापल्या पाट्या उभ्या केल्या. मजकूर रोखठोक: सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे. काही पाट्या मवाळ होत्या, नुसतं जपून चालवा म्हणणाऱ्या. चित्र नाही, आकृती नाही, नुसती अक्षरं. खर्च सरकारचा नव्हे, सभासदांच्या वर्गणीतला. तरी आपल्या घाटातल्या त्रिकोणाचं सगळं शहाणपण त्यात आहे. पाटी धोक्याच्या जागी नाही, धोक्याच्या आधी उभी आहे. आणि ती ज्याला रस्ता ठाऊक नाही त्याच्याशी बोलते आहे.

यावर आक्षेप येतात. पहिला घोडागाड्यांच्या अभिमान्यांचा. जड गाड्यांच्या मागच्या चाकाखाली उतारावर लोखंडी पायताण सरकवत, आणि काही उतारांवर ते कुठे घालावं, कुठे काढावं हे सांगणारे खांब होते. मग पहिला मान त्यांचा का नाही? कारण ते खांब गाडीवानाला काम सांगतात, पुढे काय वाढून ठेवलंय याची बातमी देत नाहीत. दुसरा दावा इटलीचा. मिलानच्या सायकलस्वारांनी १८९४मध्ये टूरिंग क्लब काढला आणि रस्तोरस्ती पाट्या लावल्या, हे खरं. पण तोवर इंग्लंडातल्या पाट्यांना दहा-पंधरा पावसाळे लागून गेले होते, आणि इटलीवालेही सायकलवालेच, म्हणजे दावा फिरून माझ्याच पदरात पडतो. तिसरा आक्षेप जबर आहे: लाल त्रिकोण सायकलवाल्यांचा नाहीच, तो मोटारीच्या कायद्यातून आला.

हे मान्य करावं लागतं. १९०३च्या मोटार कायद्यानंतर, मार्च १९०४मध्ये, लंडनच्या स्थानिक शासन मंडळानं एक परिपत्रक काढून आकार ठरवून दिले. वेगमर्यादेला पांढरं कडं, मनाईला भरीव लाल तबकडी, आणि धोक्याला पोकळ लाल त्रिकोण. धोका म्हणजे काय काय? वळण, चौक आणि अर्थातच उतार. कल्पना सायकलवाल्यांची, वेष मोटारवाल्यांचा. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो प्रकार.

पण त्रिकोणच का? टेकडीचं चित्र म्हणून, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. टेकडी असती तर तोच त्रिकोण चौकाला कशाला लावला असता? वर्तुळापासून लांबून वेगळा ओळखू यावा म्हणून, असं दुसरं उत्तर. ते समंजस आहे, सरकारी आहे, आणि म्हणूनच कंटाळवाणं आहे. शिवाय वेगळेपणच हवं तर चौकटीनंही भागलं असतं.

माझा कयास निराळा. तो पुराव्यानं शाबीत करता येणार नाही, पण मला भारी आवडतो. १ जानेवारी १८७६ला ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली. पहिला क्रमांक पटकावला बर्टनच्या बास कंपनीच्या पेल एलनं. तिचं चिन्ह लाल त्रिकोण. हीच बास मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी जहाजं भरभरून बिअर धाडत होती. १८८२मध्ये माने या फ्रेंच चित्रकारानं पॅरिसच्या एका बारचं चित्र काढलं, त्यातही त्या बाटल्या लाल त्रिकोणासकट दिसतात. म्हणजे पाव शतक तो आकार इंग्लंडातल्या सरायांच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या बाटल्यांवर, आरशांवर चमकत होता. रस्त्यानं जाणाऱ्याची नजर लाल त्रिकोणाला सरावलेली होती. तो दिसला की पाय थबकायचे. लांबून नजर खेचून घेईल असा आकार हवा असलेल्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? बासचा त्रिकोण भरीव आणि सरकारचा पोकळ, असं कुणी म्हणेल. माझ्या मते पोकळ ठेवण्याचं कारणच ते असावं. भरीव ठेवला असता तर अर्ध्या देशानं तो प्यायला थांबायची खूण मानली असती.

असो. पुढची हकिगत झटपट सांगता येते. साखळीवाली सेफ्टी सायकल १८८५मध्ये कॉव्हेंट्रीत आली. मग हवेचा टायर, मग फ्रीव्हील आणि बरे ब्रेक. पाट्यांची निकड कमी झाली. तरीही मोटारवाल्यांची चाकरी सायकलनं सोडली नाही: १९०५मध्ये निघालेल्या त्यांच्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे सुरुवातीचे टेहळे सायकलवरूनच फिरत, पोलिसांच्या वेगसापळ्यांची आगाऊ खबर द्यायला. ब्रिटनच्या १९३३च्या नियमांत त्रिकोण पाटीच्या डोक्यावर रिकामाच उभा होता आणि चित्र खालच्या चौकटीत. चित्र त्रिकोणाच्या पोटात गेलं ते पाट्यांचा फेरविचार करणाऱ्या वरबॉइस समितीच्या १९६३च्या अहवालानंतर, जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या आरेखकांच्या हातून.

एक दुवा मात्र सोडवत नाही. १८९०च्या दशकात हॅरी इंग्लिस या एडिंबराच्या प्रकाशकानं सायकलवाल्यांसाठी पुस्तकं काढली. त्यात प्रत्येक रस्त्याचा उभा छेद काढलेला आणि शेजारी आकडा: तेरात एक, सातात एक, म्हणजे तेरा किंवा सात फूट पुढे गेलं की एक फूट खाली. चालवत जायचं की उतरून सायकल ढकलायची, हे त्या आकड्यावरून ठरे. ब्रिटनच्या उताराच्या पाटीवर आज मोटार नाही, सायकलही नाही. तिथे काळ्या पाचरीच्या रूपात रस्त्याचा छेद आहे आणि त्यावर चढउताराचा आकडा. टक्केवारी येईपर्यंत तो ‘सातात एक’ असाच लिहीत. मोटारवाल्याला त्या आकड्याचं काय करायचं असतं, हे मला आजवर एकाही मोटारवाल्यानं सांगितलेलं नाही.