हरवलेला ‘न’

मोझरीच्या बाजारात संत्र्याचे ढीग दिसले, की माझ्यातला बँकेचा कारकून जागा होतो. या फळाच्या इंग्रजी खात्यात एक अक्षर कमी भरतं! संस्कृतातला ‘नारंग’ इराणमार्गे अरबांकडे ‘नारंज’ झाला. फ्रान्सपर्यंत पोचताना पुढचा ‘न’ मागच्या ‘एक’ अर्थाच्या ‘अन्’ला चिकटला, असं म्हणतात. म्हणजे रक्कम शेजाऱ्याच्या खात्यात जमा! इंग्रजांनी आधी ‘ओ-आर-ई’ लिहिलं, पुढे ‘ई’चा ‘ए’ केला. ‘न’ची चौकशी शून्य. आपल्याकडे मुद्दल शाबूत आहे, रंग अजून नारिंगीच. पण फळाला आपण म्हणतो संत्रं, आणि ते नाव म्हणे पोर्तुगालच्या सिंत्रा गावचं! घरचं सोनं तिजोरीत, अन् व्यवहार परक्या पावतीवर.