अनवाणी पायांची वाट

इटलीने १९३५ साली इथिओपियावर, म्हणजे आपल्या जुन्या भूगोलांतील अबिसीनियावर, स्वारी केली. आणि १९३७ साली अक्सूम येथील एक प्राचीन शिलास्तंभ उचलून रोमनगरीत आणविला. तो तेथे पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हे मुसोलिनीस सुचले नसेल.

१० सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे ऑलिंपिकची मॅरॅथॉन शर्यत झाली. उन्हाच्या भयाने ती सायंकाळी ठेविली होती. उत्तरार्धातील वाट जुन्या आपियन राजमार्गावरून, मशालींच्या उजेडात होती. हैले सेलासी बादशहाच्या अंगरक्षकांपैकी आबेबे बिकिला हा शिपाई अनवाणी उभा राहिला. नवे जोडे पायांस मानवेनात, आणि अनवाणी धावण्याचा सराव त्यास होताच. परंतु आम्हांस त्याच्या पायांहून त्याच्या नजरेचे कौतुक अधिक वाटते. त्याने व त्याचा स्वीडिश गुरु ओन्नी निस्कानेन याने मार्ग आधीच न्याहाळून ठेविला होता, आणि अखेरची मुसंडी कोठे मारावयाची याची खूण म्हणून नेमका तो अक्सूमचा स्तंभ निवडला होता. तोवर मोरोक्कोचा राडी त्याच्या खांद्याशी खांदा लावून होता. स्तंभ आला आणि आबेबे सुटला! कॉन्स्टंटाईनच्या कमानीपाशी तो २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत पोहोचला. राडी २५ सेकंद मागे राहिला.

अनवाणीपणाचे स्तोम माजविणारांनी मात्र एवढे ध्यानी घ्यावे की, १९६४ साली टोकियो येथे हाच वीर जोडे घालून धावला, व सुमारे तीन मिनिटे कमी वेळात जिंकला. स्तंभास मायदेशी परतण्यास २००५ साल उजाडले.