भांडी सुकवणारं कपाट

भांडी घासली की काम संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती बहुधा घासलेली नसतात. पुसणं आणि जागेवर लावणं उरतंच. फिनलंडच्या माइयू गेबहार्ड यांनी याचा हिशेबच मांडला. गृहिणीच्या आयुष्यातले सुमारे ३० हजार तास भांडी धुण्यापुसण्यात जातात. म्हणजे दिवसरात्र धरून जवळजवळ साडेतीन वर्षं!

गेबहार्डबाई तिथल्या कार्यक्षमता संस्थेत घरकामाचा अभ्यास करत. १९४४-४५ मध्ये, महायुद्ध संपत आलं असताना, त्यांनी सिंकच्या वर बसणारं एक कपाट तयार केलं. त्याला तळ नाही, आणि फळ्यांऐवजी खाचांच्या मांडण्या. धुतलेली ताटली ओलीच उभी खोचायची. पाणी सिंकमध्ये ठिबकतं, ताटली आपोआप सुकते. शिवाय तीच तिची कायमची जागा! फडकं गेलं, उचलून ठेवणं गेलं. दारं लावली की ओटाही नीटनेटका. घासणं मात्र उरलं, आणि ते बाईकडेच.

अमेरिकेत अशा मांडण्यांची पेटंटं आधीच निघाली होती. पण ही युक्ती घरोघरी पोचली ती फिनलंडमध्ये. १९४८ पासून एन्सो-गुटसाइट कंपनी ही कपाटं बनवू लागली. १९५४ मध्ये प्लॅस्टिकचा थर दिलेली तार आली. गेबहार्डबाई १९८६ मध्ये वारल्या.

आपल्याकडचा भिंतीवरचा स्टीलचा स्टँड काम तेच करतो. पण तो सिंकवर क्वचितच असतो. पाणी ओट्यावर गळतं, आणि ते टिपायला फडकं लागतंच.